पाळत

११ मार्च

ताईस नमस्कार.

बातमी आधी सांगतो, बाकीचं नंतर. आमच्या भाचीबाई येत्या जुलैत माझ्याच जहाजावर येणार! बर्फातून जहाज कसं न्यायचं हे शिकायला कंपनी दरवर्षी दोन तरुण अधिकारी घेते, त्यात यंदा तुझी लेक आहे. मी शब्द टाकलेला नाही. टाकला असता आणि तिला कळलं असतं, तर तिनं माझं तोंड पाहिलं नसतं. स्वभाव अगदी भावजींचा.

तू काळजी करत बसशील म्हणून माझ्या कामाबद्दल जरा लिहितो. नौदलात बावीस वर्षं मी नकाशावर रेघ मारली आणि जहाज त्या रेघेवरून गेलं. इथे रेघेला कोणी विचारत नाही. काल मोकळं पाणी होतं तिथे आज बर्फाचं रान. मालवाहू जहाजाचा कॅप्टन आपल्या जहाजावर राजा असतो, पण उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात शिरताना तोही माझ्यासारखा एक वाटाड्या सोबत घेतो. मी ब्रिजवर, सुकाणूच्या खोलीत, त्याच्या शेजारी उभा राहतो आणि सांगतो, इकडून घ्या, तिकडे नको. बर्फाचा रंग बघायचा. राखाडी म्हणजे कोवळा, जहाज तो सहज फोडतं. निळसर म्हणजे पाच-सहा हिवाळे काढलेला, त्याच्यापुढे पोलाद वाकतं. वर ढग बघायचे. ढगाचं पोट पांढरं चमकलं की खाली बर्फ, काळपट दिसलं की तिकडे पाणी. आठ वर्षं हेच करतोय आणि एकही जहाज अडकू दिलेलं नाही.

तिला मी नीट सांभाळीन. भावजी असते तर त्यांनी पाठ थोपटली असती, तिचीही आणि माझीही. तुझं मोठं पत्र येऊ दे. वर्षभरात तुझी तीन पोस्टकार्डं आली, आणि तिन्हींत पावसापाण्याच्या चौकश्या.

तुझा,
घुम्या

२४ मार्च

घुम्या,

तू हवं म्हणालास, म्हणून मोठं पत्र लिहिते.

गेल्या महिन्यात छापखान्यात माझ्याकडे एक गृहस्थ आले. मी दुसऱ्या मजल्यावर बसते, तिथे प्रुफं आणणाऱ्याशिवाय कोणी चढत नाही. ते म्हणाले, "मी तुमच्या यजमानांच्या जहाजावर वायरलेसवर होतो." खुर्ची दिली तरी बसले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांना जुनी कागदपत्रं लावायचं काम मिळालं होतं, त्यात त्यांना एक पान सापडलं. त्याची प्रत माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही अक्षरं तपासता असं ऐकलंय. हे तपासा." एवढं बोलून जिना उतरले.

ते पान ह्यांच्या हुकूमवहीतलं आहे. त्याच दिवसाचं, ज्या दिवशी, नऊ वर्षांपूर्वी, तुमचं जहाज बंदराच्या बंधाऱ्यावर आदळलं. कॅप्टननं ही वही स्वतःच्या हातानं लिहायची असते, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. त्यात लिहिलंय: "धुकं आलं तरी वेग कमी करू नये." खाली ह्यांची सही. याच एका ओळीवर चौकशी मंडळानं ह्यांना दोषी धरलं. प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवरून ह्यांचा फोटो उतरवला. दोन वर्षांनी कपाट आवरता आवरता बसल्या जागी गेले, तोवर घरात त्या दिवसाबद्दल एक चकार शब्द काढला नाही.

सही ह्यांची आहे. ओळ ह्यांची नाही. "धुकं" मधला उकार अक्षराला न चिकटता खाली सुटा लोंबतोय, तुटल्या शेपटीसारखा. त्या उकारापायी तू शाळेत किती मार खाल्लास, मला ठाऊक आहे. तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांची अक्षरं तपासून जगतेय, घुम्या. माझी चूक होत असेल तर तसं लिही.

ओळ कोणी लिहिली आणि केव्हा लिहिली, एवढंच विचारते. लेकीच्या जाण्याबद्दल त्यानंतर बोलू.

ताई

९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ओळ मी लिहिली. त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. भावजींच्या उजव्या हातावर आदल्या दिवशी चहा सांडला होता. हात भाजला होता, बोटांना पट्टी होती. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. सही त्यांनी कशीबशी केली. खरं सांगतो, नियमाला सोडून होतं, पण जहाजावर अशा लहानसहान गोष्टी चालतात.

तुला त्या माणसाबद्दल सावध करतो. नऊ वर्षं हा कुठे होता? नोकरीत असताना मी त्याला एकदा कामात हयगय केल्याबद्दल लिहून दिलं होतं, त्याची बढती वर्षभर अडली. खरं सांगतो, तो राग असा जात नाही. सरकारी कागदाची प्रत खिशात घालून बाहेर आणणारा माणूस कसा असेल, याचा तूच विचार कर. त्याला कोणी पाठवलंय का, हेही बघ. पुन्हा आला तर त्याच्याशी बोलू नकोस.

भाचीबाईंच्या कपड्यांची यादी सोबत पाठवतोय. लोकरीचे मोजे आठ जोड लागतील. सहा पुरत नाहीत.

घुम्या

१८ एप्रिल

घुम्या,

तुझ्या पत्रात "खरं सांगतो" दोनदा आलंय. प्रुफात असं आलं तर मी एक खोडते आणि दुसऱ्यावर प्रश्नचिन्ह टाकते.

ह्यांचा हात भाजला नव्हता. अपघाताच्या आदल्या दिवशीच्या तारखेचं ह्यांचं पत्र माझ्याकडे आहे. दोन पानं, ह्यांच्या हातचं. बोटांना पट्टी बांधलेला माणूस दोन पानं लिहीत नाही. म्हणजे तू नऊ वर्षांनंतरही मला थाप मारलीस, आणि तीही घाईघाईनं रचलेली. का?

मला जे दिसतं ते लिहिते. तू जहाजावरचा नंबर दोन. जहाज आपटलं तेव्हा ब्रिजवर तू होतास. हुकूम तुझ्या अक्षरात. शिक्षा ह्यांना. वर्षभरात तू नौदल सोडलंस आणि जिथे माणूस भेटत नाही अशा बर्फात जाऊन बसलास. दरवर्षी मला लोकरीची शाल पाठवतोस. आठ झाल्या. त्यातली एकही मी अंगावर घेतलेली नाही, आणि का घेववत नव्हती ते आता कळतंय.

लेकीला मी सांगितलं, मामाच्या जहाजावर जाऊ नकोस. तिनं कारण विचारलं. पान दाखवलं. तिनं ओळ वाचली आणि म्हणाली, "मग तर मी जाणारच, आई."

तिला काही झालं तर मी तुला भाऊ म्हणणार नाही.

ताई

२ ऑगस्ट, जहाजावरून

ताई,

एप्रिलनंतर तू लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही. हे पत्र सामान घेऊन आलेल्या बोटीबरोबर पाठवतोय, केव्हा मिळेल देव जाणे.

भाचीबाई ठणठणीत आहेत. काम झकास करते. इथे सध्या सूर्य मावळतच नाही, गोल फिरत राहतो, त्यामुळे पहिले चार दिवस तिला झोप लागली नाही. आता लागते. परवा बर्फात घटकाभर रुतलो होतो, तेव्हा मागे येण्याआधी मी काही बोलायच्या आत तिनं सुकाणू मधोमध आणायला सांगितलं. मागे येताना सुकाणू जरा जरी कललेलं असलं तर बर्फ ते पिळून काढतो. हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती.

पण ताई, ती माझ्यावर पाळत ठेवते. मी काही बोललो की घड्याळ बघते आणि एका निळ्या वहीत टिपते. मी झोपायला गेलो की माझ्या नोंदी काढून वाचते, हे सुकाणूवरच्या माणसानं मला सांगितलं. जेवताना सगळ्यांसमोर विचारलंन, "मामा, कॅप्टनच्या वहीत दुसऱ्यानं लिहिलेलं चालतं का?" टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मीठ दे."

तू तिला पाठवलंयस का? शिकायला पाठवलं असशील तर ठीक. हेरगिरी करायला पाठवलं असशील तर सरळ तसं लिही. म्हणजे मला निदान कळेल की ब्रिजवर माझ्या शेजारी भाची उभी आहे की तुझा पोलीस.

घुम्या

२१ ऑगस्ट

घुम्या,

दोन्ही.

तिची पत्रं मला येतात. त्यातलं एक तुला ऐकवते. "आई, मामा बर्फाला घाबरत नाही. काल निळ्या बर्फाचे दोन डोंगर आणि मधे जेमतेम जहाजाएवढी फट, त्यातून शिट्टी वाजवत घेऊन गेला. पण धुकं आलं की त्याचा चेहरा बदलतो. मंगळवारी धुकं आलं आणि त्यानं जहाज अकरा तास उभं केलं. रडार चालू होतं, पुढे पाणी मोकळं होतं, कॅप्टन चिडला होता. मामा एकच म्हणत होता, दिसत नाही तर जायचं नाही. जहाजाच्या पुढच्या टोकाला पाळतीवर एकाऐवजी तीन माणसं उभी केली आणि दर पाच मिनिटांनी फोन करून प्रत्येकाला विचारत होता, काय ऐकू येतंय, काय ऐकू येतंय."

ह्या माणसानं कोणाच्या तरी हुकमावरून एकदा धुक्यात वेग ठेवला असेल, असं मला वाटत नाही. ज्यानं स्वतः हुकूम दिलेला असतो, तोच असा घाबरतो.

जहाज तू नेत होतास. ह्यांच्या नावावर खपवलंस. ह्यांनी सही का केली, तेवढं मला कळत नाही. कसला धाक दाखवलास त्यांना?

ताई

१० सप्टेंबर, जहाजावरून

ताई,

धाक दाखवला नाही. तेवढं सोडून बाकी बरोबर आहे. आता सगळं लिहितो. भाचीबाईंना काल सांगितलं, तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात.

हात भाजला नव्हता. भावजींना दिसत नव्हतं.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते चहाच्या वेळी. त्यांनी किटलीतून चहा ओतला, तो कपाच्या शेजारी. मग हसून म्हणाले, "जहाज हललं." जहाज बंदरात बांधलेलं होतं. पुढे ते नकाशा माझ्याकडे सरकवू लागले. "तुझी अक्षरं तूच वाच बाबा." समोरचं, नेमकं जिथे बघायचं तिथलं त्यांना दिसेनासं झालं होतं, कडेकडेचं दिसत होतं. म्हणून बोलताना ते माणसाच्या कानाकडे बघायचे. खलाशांना वाटायचं, साहेबांना गर्व चढलाय.

चार महिने मी त्यांचे डोळे झालो. कोणाला सांगितलं नाही. बहिणीच्या नवऱ्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आलो, आणि ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की जहाज माझ्या हातात होतं आणि मला ते आवडत होतं. मला स्वतःचं जहाज मिळावं की नाही, याचा अहवाल भावजी त्याच आठवड्यात लिहिणार होते.

त्या दिवशी रडार दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं. दहाच्या सुमारास धुकं आलं. बारा वाजता बंदरात मोठी साहेबमंडळी जहाज बघायला येणार होती. भावजींनी विचारलं, "काय म्हणतोस, वेग कमी करू या?" मी म्हणालो, "गरज नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, "तुला वाट दिसतेय ना?" मी म्हणालो, "दिसतेय."

काहीही दिसत नव्हतं, ताई. उशीर झाला असता तर माझी शोभा झाली असती, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ते म्हणाले, "मग चल." बंधाऱ्याचं तुटकं टोक अर्धं पाण्याखाली गेलेलं होतं, त्यावर आपटलो. पुढे पाळतीवर उभा असलेला खलाशी पाण्यात फेकला गेला. तेवीस वर्षांचा मुलगा होता. दोन दिवस शोधलं, सापडला नाही.

दुपारी भावजींनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. "हुकूमवही काढ. लिही, धुकं आलं तरी वेग कमी करू नये. वेळ दहा वाजून पाच."

मी म्हणालो, "भावजी, हे मी बोललो होतो."

"जहाज कोणाचं?"

"तुमचं."

"मग हुकूम माझा. तुझ्या नावावर गेलं तर पहिला प्रश्न येईल, कॅप्टन तिथे उभा राहून काय करत होता? मग माझे डोळे तपासतील. मला चुकलेला म्हणून उतरू दे. आंधळा म्हणून उतरवू नकोस."

मी लिहिलं. सही कुठे करायची ते त्यांचं बोट धरून दाखवलं. आणि खरं म्हणजे, लिहिताना मला सुटल्यासारखं वाटलं. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आता मला एक विचारायचंय. गेली नऊ वर्षं तोंडाशी येऊन परत गेलेलं. अपघाताच्या तीन महिने आधी नौदलाच्या डॉक्टरांनी भावजींची नजर तपासली होती. तेव्हा त्यांना माझ्या शर्टाची बटणं दिसत नव्हती. तरी भिंतीवरचा तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत न अडखळता वाचला, असं डॉक्टर स्वतः मेसमध्ये सांगत होते. "या वयात अशी नजर!" म्हणाले. भावजी तो तक्ता कसे वाचू शकले, ताई?

घुम्या

२८ सप्टेंबर

घुम्या,

मी पाठ करून घेतला होता.

तपासणीच्या आठ दिवस आधी माझ्या चष्म्याचं निमित्त काढून त्याच डॉक्टरांकडे गेले. सात ओळींचा तक्ता. प्रुफं वाचणाऱ्या बाईला सात ओळी म्हणजे काय! घरी येऊन कागदावर उतरवल्या. सकाळी हे दाढी करायचे तेव्हा मी दाराशी उभी राहून एकेक ओळ म्हणायची आणि हे मागून म्हणायचे. डॉक्टर आधी डावा डोळा झाकायला सांगतात, मग उजवा, हेसुद्धा मी पाहून आले होते. तालीम झाल्यावर आम्ही हसायचोही. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. चौदा महिने निभावून नेऊ, असं आम्हाला वाटलं. समोर जहाज आहे आणि त्यावर दुसऱ्यांची मुलं आहेत, हे मला एकदाही सुचलं नाही.

अपघाताच्या आदल्या दिवशीचं जे पत्र मी तुझ्या तोंडावर फेकलं, ते मला नीट वाचताच आलं नव्हतं. ओळीवर ओळ चढलेली, शब्द कागदाबाहेर गेलेले. पत्र आहे एवढंच तुला सांगितलं. कसं आहे ते सांगितलं नाही.

ते पान माझ्या टेबलावर आलं तेव्हा उकार पाहून मला काय झालं, सांगू? बरं वाटलं. दोष टेकवायला दुसरं कोणी तरी मिळालं. सात महिने मी तुझ्यावर संशय घेतला, आणि तेवढे सात महिने मला स्वतःकडे बघावं लागलं नाही.

लेकीलाही मी सगळं लिहिलंय. ती मला काय लिहील, याची भीती वाटते.

वायरलेसवाल्यांचा पत्ता शोधून काढला आहे. उद्या त्यांच्याकडे जाते. त्यांना कोणी पाठवलंय का, असं तू विचारलं होतंस. तेही विचारून येते.

ताई

१४ ऑक्टोबर

घुम्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण थांबता येत नाही.

त्यांना कोणी पाठवलेलं नाही. ते तळमजल्यावर एका खोलीत राहतात, खोलीत खाट, स्टोव्ह आणि मोडके रेडिओ. मी सगळं सांगितलं. ह्यांचे डोळे, तक्ता, तुझी ओळ. मग सदरा बदलला आणि म्हणाले, "चला, हे ज्यांना सांगायला पाहिजे त्यांच्याकडे जाऊ." तो बुडालेला मुलगा जहाजावर त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपायचा. दरवर्षी त्या तारखेला ते त्याच्या आईला भेटून येतात.

तिसऱ्या मजल्यावर घर. त्याची आई कपड्यांना काजं-बटणं करून देतात. आम्ही गेलो तेव्हा मांडीवर कोट होता, तो त्यांनी बाजूला ठेवला नाही. मी सांगत होते आणि त्यांची सुई चालू होती. मला वाटलं, ऐकत नाहीत. मी संपवलं तशी त्यांनी दोरा दातानं तोडला आणि कपाटातून एक कागद काढून दिला. "तुम्ही छापखान्यात असता म्हणे. हे वाचा."

चौकशीच्या निकालाची प्रत होती. त्यातलं ह्यांच्यावरचं कलम मला तोंडपाठ आहे. त्याच्या खालचं मी कधी वाचलंच नव्हतं. "पाळतीवरील खलाशाकडून कोणताही इशारा देण्यात आला नाही. तो सावध नसावा असा निष्कर्ष निघतो." सावध नसावा. म्हणजे झोपला होता.

त्या म्हणाल्या, "वेग कोणी सांगितला, वहीत कोणी लिहिलं, ते तुम्ही आणि तुमचे भाऊ बघा. मला त्यातलं काही नको. नऊ वर्षं शेजारपाजारचे मला धीर देतात, तरुण पोर होतं, डोळा लागला असेल. माझ्या मुलाचा डोळा लागत नसे. लहानपणी तापात सुद्धा जागा असायचा. मला एवढंच सांगा, तो ओरडला होता का?"

मी वायरलेसवाल्यांकडे पाहिलं. वायरलेसवाले म्हणाले, "माझ्या कानावर यंत्र होतं, बाई. मला बाहेरचं ऐकू येत नव्हतं."

तुझं दहा सप्टेंबरचं पत्र मी पुन्हा काढलं. पाळतीवर उभा असलेला मुलगा पाण्यात फेकला गेला, असं लिहिलंयस. त्याआधी काय झालं, त्याबद्दल एक अक्षर नाही. मी गाळलेल्या मजकुराचा वास ओळखते. आणि आता तुझ्या जहाजावर धुक्यात तू प्रत्येकाला "काय ऐकू येतंय" असं का विचारत होतास, हेही मला कळायला लागलंय.

तो ओरडला होता का?

ताई

३० ऑक्टोबर, जहाजावरून

ताई,

हो. दोनदा.

पहिल्यांदा ओरडला, "पुढे दगड आहे!" धुक्यात आवाज दबलेला होता, पण शब्द स्वच्छ ऐकू आले. भावजींनी मला विचारलं, "काय ओरडतोय?" मी म्हणालो, "काही नाही, नवीन आहे, घाबरलाय." मग तो पुन्हा ओरडला, आणखी मोठ्यानं. तेव्हा मी इंजिन मागे घ्यायला सांगितलं, पण तोवर वेळ गेली होती. तो पळून मागे येऊ शकला असता. आला नाही, जागेवरच राहिला आणि ओरडला.

चौकशीत मला विचारलं, पुढून इशारा आला होता का? मी सांगितलं, ऐकू आला नाही. भावजी शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, पण बोलले नाहीत. त्यानंतर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत, ताई. तू समजत होतीस, ते अपघातामुळे गप्प झाले.

मागच्या पत्रात मी हे गाळलं. भावजींनी माझं पाप अंगावर घेतलं, ते त्यांच्या मर्जीनं. त्या मुलाला कोणी विचारलं नव्हतं. हे लिहायला हात उचलत नव्हता.

सोबत माझा जबाब आहे. वेग, वही, भावजींचे डोळे, दोन्ही हाका, सगळं लिहिलंय, वर नाव आणि खाली सही माझी. त्यावर इथल्या कॅप्टनची आणि भाचीबाईंची साक्ष घेतली आहे. एक प्रत चौकशी मंडळाला गेली. वाटाड्याचा परवाना कॅप्टनच्या हवाली केला. परतीची वाट आता तुझी लेक काढते. काल धुकं आलं, तिनं जहाज थांबवलं, मला विचारलं नाही. काम संपल्यावर मात्र चहाचा कप आणून माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिली. तुलाही तिनं पत्र लिहिलंय, याच थैलीत आहे. मी ते वाचलेलं नाही.

आम्ही बंदराला लागायला अजून बावीस दिवस आहेत. उतरल्यावर मी त्या बाईंकडे जाईन, त्या दार उघडोत किंवा न उघडोत. पण तू माझ्यासाठी थांबू नकोस. हे पत्र हातात पडताच तिसऱ्या मजल्यावर जा आणि त्यांना सांग की तो जागा होता. या पत्राची पहिली ओळ वाचून दाखव. शेजारचे असतील तर त्यांनाही ऐकू जाईल अशी वाच.

तुझा भाऊ